वारा पडल्यावर: घराबाहेरचे डास आणि हाती नेता येणारी साधने

डासांपासून बचाव करण्याची जी साधने आज घरोघरी वापरली जातात, त्यांपैकी बहुतेकांनी भिंती गृहीत धरलेल्या असतात. मच्छरदाणीला खाट किंवा खुंट्या लागतात, खिडकीच्या जाळीला चौकट लागते, आणि विजेच्या प्लगमध्ये खोचलेल्या द्रवाच्या यंत्राला दारे-खिडक्या लावलेल्या खोलीतील साचलेली हवा लागते. यांतील एकही साधन अंगणात, ओट्यावर, वाडीत किंवा समुद्रकाठच्या वाळूत तसेच्या तसे उपयोगी पडत नाही. कोकणपट्टीतील माणसाच्या दिवसाचा मोठा भाग मात्र भिंतींच्या बाहेरच जातो. त्यामुळे खिशाला अडकवता येतील, मनगटात घालता येतील किंवा बाकावर शेजारी ठेवता येतील अशी डास पळवणारी साधने गेल्या पंचवीस वर्षांत बाजारात आली, तेव्हा ती एका खऱ्या गरजेला उत्तर म्हणून आली, हे मान्य करावे लागते. त्यांतली काही खरोखर काम करतात, काही मुळीच करत नाहीत, आणि जी करतात तीही ठरावीक परिस्थितीतच करतात. ती परिस्थिती कोणती, हे उलगडून पाहण्यास आगाशीसारख्या गावाचा फार उपयोग होतो.

विरार स्थानकातून पश्चिमेला बोळिंजवरून अर्नाळ्याकडे जाणारा रस्ता आगाशीतून जातो. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील हे गाव एका बाजूने विरारच्या वाढत्या इमारतींना आणि दुसऱ्या बाजूने समुद्रकाठाला लागून आहे. भवानीशंकराचे देऊळ आणि त्याचे तळे, केळी, नारळ, पोफळी, पानवेल आणि फुलझाडे यांच्या वाड्या, राजेळी केळी सोलून व उन्हात सुकवून केलेली सुकेळी, ही गावाची जुनी ओळख. या वाड्यांना पाणी पुरवणारी 'बावखले' हे वसईच्या भूमीचे खास वैशिष्ट्य आहे. बावखल म्हणजे शिंपण्यासाठी आणि पावसाचे पाणी मुरवण्यासाठी वाडीत खणून ठेवलेले गोड्या पाण्याचे तळे. पाणी, सावली, दमट हवा आणि माणसे यांचा असा शेजार जेथे असतो तेथे डासही असणारच, आणि म्हणून तिन्हीसांजेला गोठ्यात किंवा अंगणात नारळाची सोडणे, शेणी आणि कडुनिंबाचा पाला जाळून धूर करण्याची रीत कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सोयीसाठी नाव द्यायचे झाले, तर घराबाहेर वापरता येणारे हे पहिले 'फिरते' साधन होय, कारण धुराचे घमेले उचलून वाऱ्याच्या दिशेप्रमाणे हलवता येत असे. आजच्या साधनांचे गुणदोषही या घमेल्यातच दडलेले आहेत.

मराठीत 'डास' हा एकच शब्द पुरतो, पण बचावाचा विचार करताना निदान तीन गट वेगळे करावे लागतात. पहिला गट क्युलेक्स डासांचा. हे गटारे, संडासाच्या टाक्या आणि साचलेले घाण पाणी यांत वाढतात, रात्री चावतात आणि हत्तीरोगाचे परजीवी पसरवू शकतात. संध्याकाळी कानाशी गुणगुणणारे आणि संख्येने सर्वांत जास्त भासणारे डास सहसा हेच असतात. दुसरा गट अ‍ॅनोफिलीस डासांचा. हिवतापाचा परजीवी याच गटातील मादी वाहून नेते, हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात तो परजीवी पाहून दाखवून दिले. शहरी हिवतापाला मुख्यतः कारणीभूत असलेली अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी ही जात विहिरी, गच्चीवरील उघड्या टाक्या आणि बांधकामांवर साठवलेले पाणी अशा स्वच्छ पाण्यात वाढते. मुंबईच्या हिवतापाचा अभ्यास करून चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये जो अहवाल दिला, त्यात शहरातील विहिरींवर बोट ठेवले गेले ते याच डासामुळे, आणि त्यानंतर मुंबईतील असंख्य विहिरी बुजवल्या किंवा बंदिस्त केल्या गेल्या. तिसरा गट एडीस डासांचा, ज्यांच्या पायांवर आणि अंगावर पांढरे पट्टे असतात. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा हा डास दिवसा चावतो, आणि त्याची भूक सकाळी उजाडल्यानंतरच्या व संध्याकाळी मावळण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत विशेष तीव्र असते. एडीस इजिप्ती घराजवळच्या पिंपांत, कुंड्यांच्या ताटल्यांत आणि जुन्या टायरांत वाढतो, तर त्याचा भाऊबंद एडीस अल्बोपिक्टस झाडाझुडपांत रमतो आणि त्याला झाडाची ढोली, पावसाचे पाणी धरलेली करवंटी किंवा पोफळीची गळून पडलेली विरीसुद्धा अंडी घालण्यास पुरते. वाडीत भरदुपारी सावलीत चावणारा डास बहुधा हाच असतो, आणि 'डास काय, रात्रीच चावतात' ही सर्वसाधारण समजूत त्याच्या बाबतीत घातक ठरते.

चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांच्या वाढीसाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. ती माणसापर्यंत पोचते कशी, हे समजल्याशिवाय कोणत्याही साधनाचे काम समजत नाही. माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वायूचा माग तिला बऱ्याच अंतरावरून लागतो, आणि तो माग हवेत धुराच्या एखाद्या लांबलचक पट्ट्यासारखा पसरलेला असल्याने ती वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडत त्याच्या उगमाकडे येते. जवळ आल्यावर घामातील लॅक्टिक आम्ल आणि त्वचेवरील जिवाणूंमुळे तयार होणारे इतर गंध, गडद रंगाची आकृती, आणि अगदी शेवटी शरीराची ऊब व ओल, अशा एकामागून एक खुणांच्या आधारे ती त्वचेवर उतरते. या साखळीचा कोणता दुवा तोडायचा, यावरून डास पळवणाऱ्या पदार्थांचे दोन प्रकार पडतात. त्वचेवर लावायचा मलम किंवा फवारा शेवटचा दुवा तोडतो, म्हणजे डास जवळ येतो पण बसत नाही. याउलट 'अवकाशी प्रतिकारक' म्हणता येईल असा पदार्थ माणसाभोवतालच्या हवेतच वाफरूपाने पसरतो आणि त्या हवेत शिरलेल्या डासाला गोंधळवून, दिशाहीन करून किंवा खाली पाडून त्याची वाट तेथेच संपवतो. पहिला प्रकार अंगाचे रक्षण करतो आणि दुसरा जागेचे. बहुतेक फसगत हा फरक ध्यानात न आल्यामुळे होते.

हवेत पसरणाऱ्या औषधांचे मूळ एका पांढऱ्या फुलात आहे. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या झाडाच्या फुलांत कीटकांच्या चेतासंस्थेवर हल्ला करणारे पदार्थ असतात, आणि त्या फुलांची पूड वापरून जपानमधील एइइचिरो उएयामा यांनी १८९० मध्ये डासांसाठी जळती काडी तयार केली. काडी तासाभरातच विझत असे. ती वेटोळ्यात गुंडाळली तर जास्त वेळ जळेल, ही कल्पना त्यांच्या पत्नी युकी यांची होती, आणि १९०२ पासून ती वेटोळ्याच्या रूपात बाजारात आली. भारतात 'कासव छाप' अगरबत्ती म्हणून जी परिचित झाली, ती याच वंशातली. पुढे १९४९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेथ्रिन हा पहिला कृत्रिम पायरेथ्रॉइड तयार झाला. पायरेथ्रॉइड म्हणजे फुलातील मूळ द्रव्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेले रसायन, जे डासाच्या मज्जातंतूंमधील सोडियमची दारे उघडीच ठेवून त्याला लुळे पाडते. धुराशिवाय, केवळ उष्णतेने हे रसायन हवेत सोडता येते, हे लक्षात आल्यावर विजेवर तापणारी पट्टी आणि नंतर द्रवाची बाटली आली. भारतात १९८० च्या दशकापासून ही यंत्रे मध्यमवर्गीय घरांत रुळली, पण भिंतीतील प्लगला बांधलेली असल्यामुळे उंबरठ्याच्या बाहेर मात्र त्यांना जाता आले नाही.

उंबरठा ओलांडण्यासाठी दोन वाटा निघाल्या. एक वाट उष्णता सोबत नेण्याची. अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या थर्मासेल नावाच्या साधनात ब्युटेन वायूची लहान नळकांडी असते, तो वायू ज्योत न दिसता जळून एक धातूची जाळी तापवतो, आणि जाळीवर सरकवलेल्या निळ्या पट्टीतील अ‍ॅलेथ्रिन वाफ होऊन भोवती पसरते. साधन सुरू केल्यापासून सुमारे पंधरा मिनिटांत साडेचार मीटरपर्यंतचा परिसर सुरक्षित होतो असे उत्पादक सांगतात. पट्टी चार तासांनी निळ्याची पांढरी पडते, म्हणजे ती संपल्याचे डोळ्यांना दिसते, ही त्यातली फार उपयोगी सोय आहे. त्याच धर्तीवर आता मोबाइलसारखी चार्ज होणारी यंत्रेही निघाली आहेत. दुसरी वाट अशी रसायने शोधण्याची, ज्यांना उष्णतेची गरजच नाही. मेटोफ्लुथ्रिन आणि ट्रान्सफ्लुथ्रिन ही अशी दोन पायरेथ्रॉइडे नेहमीच्या तापमानालाही आपोआप उडतात, कापूर जसा उघड्यावर ठेवला तरी हळूहळू नाहीसा होतो तशी. त्यामुळे ती नुसत्या जाळीत किंवा कागदात भिजवून टांगता येतात, किंवा बॅटरीवर फिरणाऱ्या छोट्या पंख्यापुढे ठेवून कमरेला अडकवता येतात.

येथे वाऱ्याचा प्रश्न येतो, आणि या सर्व साधनांचे भवितव्य त्यावरच ठरते. वाफेचा जो अदृश्य ढग हे साधन माणसाभोवती उभा करते, तो टिकण्यासाठी हवा जवळजवळ स्थिर असावी लागते. थोडी झुळूक असेल तर ढग एका बाजूला ढळतो आणि साधन वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवून निभावता येते, पण चांगला वारा सुटला की ढग तयार होण्यापूर्वीच विरून जातो. तथापि वारा हा डासाचाही शत्रू आहे. डास दुबळा उडणारा जीव असून त्याचा वेग ताशी सुमारे २ किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात त्याला उडता येत नाही. शिवाय अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून असे दिसले, की पंख्याच्या वाऱ्यामुळे सापळ्याकडे येणाऱ्या डासांची संख्या खूप घटते आणि त्यामागे डासाचा दुबळेपणा जितका आहे, त्याहून अधिक वाटा श्वासाचा व घामाचा माग वाऱ्याने पातळ होण्याचा आहे. म्हणजे वारा असताना साधनाची फारशी गरज नसते आणि वारा पडल्यावर साधन काम करू लागते. हा योगायोग माणसाच्या दृष्टीने सुदैवाचाच म्हणावा लागेल.

आगाशीत हा योगायोग घड्याळासारखा रोज घडतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी अर्नाळ्याच्या बाजूने खारा वारा आत येतो. सूर्य मावळताना जमीन निवू लागते, दोन्हीकडचे तापमान जवळ येते आणि वारा पडतो. नंतर रात्री उशिरा जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा सुरू होतो. या दोन वाऱ्यांमधली निवांत वेळ, म्हणजे मावळतीपासून पुढचे तास-दोन तास, हीच एडीसच्या शेवटच्या आणि क्युलेक्स व अ‍ॅनोफिलीसच्या पहिल्या फेरीची वेळ असते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा दिवसरात्र वाहत असल्याने हा फरक तितकासा जाणवत नाही, पण पाऊस ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरअखेरीपासून, वाऱ्याची ही भरती-ओहोटी स्पष्ट होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत डबक्यांतून वाढलेल्या डासांची संख्या व डेंग्यू-हिवतापाचे रुग्ण वाढलेले असतात. शरद पौर्णिमेचे कोजागरीचे दूध, दिवाळीतील अंगणातली बैठक, कार्तिक वद्य एकादशीपासून जवळच्या निर्मळ गावी भरणारी जत्रा, मांडवाखालची लग्ने आणि नाताळच्या आधीची तयारी, असा वसईचा सारा उघड्यावरचा हंगाम याच महिन्यांपासून सुरू होतो. ओट्यावर गोल करून बसलेल्या चार-सहा माणसांसाठी, वारा पडलेला असताना, तापणारे किंवा आपोआप उडणाऱ्या औषधाचे साधन खरोखर उपयोगी ठरू शकते. एवढी अचूक जुळणी फार कमी ठिकाणी आढळते.

पण बसलेल्या माणसांसाठी, हे शब्द येथे अधोरेखित करायला हवेत. आगाशी आणि भोवतालच्या गावांतील ज्या माणसांना एडीस डास सर्वांत जास्त चावत असेल, ती माणसे बसलेली नसतात. मोगरा आणि इतर फुले दादरच्या बाजारात सकाळी पोचवायची, तर ती पहाटे खुडावी लागतात, आणि उजाडल्यानंतरही वाडीत ओळीने पुढे सरकत राहावे लागते. पानवेलीच्या मळ्यात उभ्या वेलींमधून वाकून पाने खुडणारा, केळीच्या बागेत लोंगर उतरवणारा, शिंपण्याचे पाणी फिरवणारा माणूस दर मिनिटाला आपल्याभोवतीचा हवेचा ढग मागे टाकून पुढे जातो. कमरेला अडकवायच्या पंख्याच्या साधनावरही ते बसलेल्या किंवा उभ्या स्थिर माणसासाठी आहे अशीच सूचना असते. या सगळ्यांसाठी जागेचे नव्हे, अंगाचे रक्षण करणारा उपाय लागतो: पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे, सैल कपडे आणि उघड्या त्वचेवर लावलेला प्रतिकारक पदार्थ. साधनांच्या जाहिराती मात्र नेहमी बागेतल्या खुर्चीवर बसलेले कुटुंब दाखवतात, आणि पहाटेच्या वाडीतल्या बाईला त्या चित्रात जागा नसते. तिच्यासाठी स्वस्त, घामात टिकणारा आणि हातांना लावून फुले खुडता येईल असा पदार्थ सहज मिळणे, ही गरज कोणत्याही चार्ज होणाऱ्या यंत्रापेक्षा मोठी आहे.

त्वचेवरच्या पदार्थांत सर्वांत कसून तपासलेला पदार्थ म्हणजे डीट, जो अमेरिकी सैन्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित झाला. पिकारिडिन हा त्याच्या तोडीचा आणि कमी चिकट पदार्थ. लिंबासारख्या वासाच्या निलगिरीच्या तेलातून मिळणारे पीएमडी हे वनस्पतिजन्य पदार्थांतले विश्वासार्ह. आणि ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले 'डेपा' हे भारतीय संशोधनाचे फळ. ओडोमॉससारख्या घरोघरी परिचित असलेल्या मलमात डीटच्याच कुळातील डायइथाइल बेंझामाइड असते. २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, स्वयंसेवकांचे हात डासांच्या पेटीत घालून केलेल्या तुलनेत २३.८ टक्के डीट असलेल्या पदार्थाने सरासरी पाच तास रक्षण केले. त्याच तुलनेत औषध भरलेले मनगटी पट्टे मात्र अर्धे मिनिटही टिकले नाहीत.

मनगटी पट्ट्यांचा हा निकाल आजही बदललेला नाही, आणि तो पालकांनी विशेष ध्यानात घ्यावा, कारण शाळेत किंवा खेळाच्या मैदानावर जाणाऱ्या मुलांच्या हातात रंगीत पट्टा बांधून निश्चिंत होण्याची सवय झपाट्याने पसरते आहे. न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसाला वाऱ्याच्या बोगद्यात बसवून एडीस इजिप्ती डासांपुढे फवारे, अंगावर घालायची साधने आणि सिट्रोनेला म्हणजे गवती चहाच्या जातीतल्या गवताच्या तेलाची मेणबत्ती यांची तुलना केली. डीट व पीएमडीचे फवारे सर्वांत प्रभावी ठरले, अंगावर घालायच्या साधनांत मेटोफ्लुथ्रिन असलेल्या पंख्याच्या साधनाने डास स्पष्टपणे कमी केले, आणि मनगटी पट्टे व मेणबत्ती यांचा उपयोग दिसला नाही. कारण समजण्यासारखे आहे: मनगटावरच्या पट्ट्यातून निघणारा वास पट्ट्याजवळच्या चार बोटे त्वचेपुरता राहतो, आणि डास पायाच्या घोट्यावर बसतो.

अश्राव्य ध्वनीने डास पळवण्याचा दावा करणारी यंत्रे आणि मोबाइलवरची ॲप यांच्याबद्दल तर दुमत ठेवण्याचे कारणच उरलेले नाही. प्रत्यक्ष परिसरात झालेल्या १० अभ्यासांचा एकत्रित आढावा कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यांपैकी एकाही अभ्यासात ध्वनीच्या यंत्रामुळे डास चावण्याचे प्रमाण घटलेले आढळले नाही. निळ्या प्रकाशाने किडे ओढून विजेने मारणारे दिवेही घराबाहेर निरुपयोगीच नव्हे तर हानिकारक आहेत. अमेरिकेतील डेलावेअर येथे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत अशा दिव्यांनी मारलेल्या १३,७८९ कीटकांत चावणारे अवघे ३१ होते, आणि बाकीच्यांत परागीभवन करणारे व इतर कीटकांना खाणारे उपयोगी जीव मोठ्या संख्येने होते. माणूस शोधणारी डासाची मादी प्रकाशाकडे नव्हे, श्वासाकडे जाते. हातातली विजेची बॅट निदान समोर दिसणारा डास मारते आणि काही फवारत नाही, एवढे तिच्या बाजूने सांगता येते.

स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे घराबाहेरचे साधन म्हणजे अजूनही वेटोळ्याची अगरबत्ती, आणि उघड्यावर ती काही अंशी कामही करते. तिच्या धुराचा हिशेब मात्र विसरता येत नाही: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन व मलेशियातील अगरबत्त्या तपासल्या असता, एका वेटोळ्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले. मोकळ्या हवेत हा धूर पांगतो, म्हणून खोलीपेक्षा अंगणात तो कमी घातक, एवढेच म्हणता येते. तीन बाजूंनी बंद असलेला व्हरांडा किंवा ताडपत्रीचा मांडव हवेच्या दृष्टीने खोलीच असतो. दम्याचे रुग्ण, तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया जेथे बसतात तेथे धुरापेक्षा मलम आणि पंखा बरा. विजेचा साधा उभा पंखा हे ओट्यावरचे सर्वांत निर्धोक साधन असून त्यात संपणारे काहीच नाही. तो बसणाऱ्यांच्या पायांकडे तोंड करून ठेवावा, कारण डास जमिनीलगत आणि टेबलाखालून येतात.

औषधाच्या साधनांची दुसरी बाजू बावखलाच्या काठावर अधिक स्पष्ट होते. पायरेथ्रॉइडे माणसाच्या शरीरात तुलनेने लवकर विघटित होतात, पण माशांना ती अत्यंत विषारी असतात, मधमाश्यांना मारतात, आणि मांजरांच्या यकृतात त्यांचे विघटन नीट होत नसल्याने मांजरांनाही धोका संभवतो. त्यामुळे वापरलेली पट्टी, संपलेली बाटली किंवा औषधाची जाळी बावखलात, विहिरीत किंवा शिंपण्याच्या पाटात टाकणे म्हणजे डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांनाच मारणे होय. ज्या बावखलात मासे आहेत आणि काठ स्वच्छ आहेत, तेथे डासांच्या अळ्या फारशा जगत नाहीत. अळ्यांना पोसतात ती विसरलेली, लहान, माशांशिवायची पाण्याची ठिकाणे, म्हणजे बांधकामावरची पिंपे, गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाक्या, नळाचे पाणी अनियमित असल्याने भरून ठेवलेले ड्रम. जुनी बावखले बुजवून त्यांवर इमारती उठतात तेव्हा पाणी नाहीसे होत नाही, ते माशांच्या ताब्यातून टाक्यांच्या ताब्यात जाते. वसईतील हिरवळ आणि पाणी राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, तिच्याकडे आरोग्याच्या या बाजूनेही पाहायला हवे.

साधन विकत घेताना वेष्टनावर दोन गोष्टी पाहाव्यात. भारतात घरगुती कीटकनाशकांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते आणि नोंदणी झालेल्या वस्तूवर तिचा नोंदणी क्रमांक व रसायनाचे नाव टक्केवारीसह छापलेले असते. शिवाय विषारीपणा दाखवणारा चौकोनातील रंगीत त्रिकोण असतो, ज्यात लाल सर्वांत तीव्र, मग पिवळा, निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य, असा क्रम आहे. ज्या वेष्टनावर 'शंभर टक्के नैसर्गिक' एवढेच लिहिलेले असते आणि आत काय आहे ते नसते, त्या उदबत्त्या आणि बाहेरदेशातून आलेली बिननावाची यंत्रे घेऊ नयेत, कारण नैसर्गिक म्हणून विकलेल्या काडीत नोंदणी नसलेले तीव्र पायरेथ्रॉइड असू शकते. ब्युटेनची नळकांडी मुलांच्या हाती लागणार नाही आणि उन्हात तापणार नाही अशी ठेवावी. ती विमानाच्या सामानातून नेता येत नाही.

अवकाशी प्रतिकारकांकडे केवळ सहलीची चैन म्हणून पाहण्याचा काळ मात्र आता मागे पडला आहे. पेरू देशातील इक्वितोस शहरात घरांमध्ये ट्रान्सफ्लुथ्रिनच्या पट्ट्या टांगून केलेल्या मोठ्या चाचणीत एडीस डासांमुळे होणाऱ्या विषाणूंच्या संसर्गात सुमारे ३४ टक्के घट दिसली, आणि तो निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. केनियातील हिवतापाच्या चाचणीनेही आशा वाढवली, आणि २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापासाठी अशा विजेविना चालणाऱ्या पट्ट्यांची सशर्त शिफारस केली. या चाचण्या घरांच्या आतल्या होत्या, हे विसरता कामा नये. उघड्या अंगणातल्या साधनाने रोग किती टळतो याची मोजणी ही निराळी गोष्ट आहे, आणि चावे कमी होणे व रोग कमी होणे यांत बरेच अंतर असते. त्यातच पायरेथ्रॉइडांना न जुमानणारे डास जगभर वाढत आहेत, ज्यांत भारतातील एडीसचाही समावेश होतो. एकच रसायन घरात, अंगणात आणि महापालिकेच्या धुराच्या फवारणीतही वापरले, की त्यातून वाचलेल्या डासांचीच पिढी पुढे चालते.

म्हणून ज्या घरी संध्याकाळी ओट्यावर बसायचे आहे, त्या घराने क्रम असा लावावा. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, ड्रम आणि ताटल्या रिकाम्या करून घासाव्यात, कारण अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो आणि एडीसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहूनही जिवंत असतात. वाडीतल्या करवंट्या आणि विऱ्या गोळा करून उपड्या ठेवाव्यात किंवा जाळाव्यात. मग संध्याकाळी, बसण्याआधी पाव तास, साधन सुरू करावे आणि ते माणसांच्या मधोमध न ठेवता ज्या बाजूने झुळूक येते त्या बाजूला, बावखलापासून आणि झाकण नसलेल्या पिण्याच्या पाण्यापासून दूर, लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. वारा सुटला की ते बंद करावे, कारण तेव्हा ते फक्त औषध वाया घालवत असते. पट्टी पांढरी पडली की ती कागदात गुंडाळून कोरड्या कचऱ्यात द्यावी, आणि पहाटे वाडीत जाणाऱ्याने हातापायांना लावायचा मलम रात्रीच दाराशी, फुलांच्या टोपलीत काढून ठेवावा.